नवोदित ठसेतज्ज्ञांसाठी काही उपयुक्त सूचना

मराठी वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी बहुतेक वेळा दोन वाक्यांवर संपते. ‘घटनास्थळी श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले.’ कुत्र्याने काय केलं ते निदान वाचकाला कळतं. ठसेतज्ज्ञाने काय केलं ते कधीच छापून येत नाही. तेव्हा या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांना पहिली सूचना: प्रसिद्धीची हौस असेल तर श्वानपथकात अर्ज करा.

ती हौस नसेल तर मात्र काळ चांगला आला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 (3) प्रमाणे, 7 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाणं बंधनकारक होत चाललं आहे. तयारीसाठी राज्यांना 5 वर्षांची सवलत आहे. म्हणजे माणसं लागणार. माणसांना प्रशिक्षण लागणार. आणि प्रशिक्षित माणसांना परिषदा लागणार.

पात्रता आणि नातेवाईक

कागदोपत्री पात्रता भरतीच्या जाहिरातीत असते, ती तिथे वाचा. जाहिरातीत नसलेल्या पात्रता दोन: शाबूत डोळे, आणि भिंगाखाली रेषा मोजता मोजता चहा गार झाला तरी न चिडणारा स्वभाव. खात्यात आल्यावर अखिल भारतीय पातळीवरची परीक्षा असते. ती पास होईपर्यंत तुम्ही नुसते ठसे बघणारे, पास झालात की तज्ज्ञ. भिंग तेच राहतं. ठसेतज्ज्ञाच्या मताला आपल्या न्यायालयात जागा मिळाली ती 1899 साली पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये बोटांच्या ठशांचा उल्लेख घातला तेव्हा. आता नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम 39 आहे. आकडा पाठ करा. वकील पहिला प्रश्न तोच विचारतात.

नोकरी लागल्याची बातमी पसरली की लग्नामुंजीत लोक तुमच्यापुढे तळहात पसरतील. दहाही बोटांवर चक्र असलेल्या मुलाला त्याची आई अभिमानाने पुढे ढकलेल, कारण असा मुलगा राजा होतो हे तिला कोणीतरी सांगितलेलं असतं. इथे ज्ञानाचा उपयोग करा. बोटांच्या जोड्या लावायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर 16 गुण, पुढे 8, 4, 2 आणि 1. जोडीतल्या एका बोटाचे गुण वर लिहायचे, दुसऱ्याचे खाली. वर-खाली एकेक मिळवायचा. दहाही बोटांवर चक्र असलं की वर 32 आणि खाली 32. ही पद्धत एकूण 1024 कप्पे करते आणि 32 भागिले 32 हा त्यातला अगदी शेवटचा कप्पा. एकही चक्र नसलेला सामान्य माणूस पहिल्या कप्प्यात बसतो. हे त्या माउलीला सांगावं की नाही, हे जेवण झालंय की व्हायचंय त्यावर ठरवा.

या गणिताला जगभर हेन्री पद्धत म्हणतात. सर एडवर्ड हेन्री तेव्हा बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. 1024 कप्प्यांचं गणित बसवलं ते त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक यांनी, आणि वर्गीकरण पुढे नेण्यात हेमचंद्र बोस यांचा मोठा हात होता. पुस्तक 1900 साली निघालं, नाव साहेबांचं. सरकारी नोकरीत येण्यापूर्वी हा एक धडा नीट वाचला तर पुढची 30 वर्षं मनस्ताप होत नाही.

इतिहासाचा तास

प्रशिक्षण इतिहासाने सुरू होतं. पुष्कळदा इतिहासावरच संपतं, कारण बाकीचे विषय शिकवणारे साहेब साक्षीसाठी कुठल्या तरी न्यायालयात अडकलेले असतात. इतिहास हर्शेलपासून येतो. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर सहीऐवजी अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, मागाहून ‘सही माझी नाही’ म्हणायची सोय राहू नये म्हणून. काम होतं रस्त्यासाठी खडी पुरवण्याचं. आपल्या शास्त्राचा उगम रस्त्याच्या कंत्राटात आहे, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

मग वेस्टची गोष्ट येते. ती प्रत्येक तुकडीला सांगतात. अमेरिकेत लेव्हनवर्थच्या तुरुंगात 1903 साली एक कैदी आला. त्याच नावाचा, तशाच चेहऱ्याचा कैदी तिथे आधीपासून होता. फ्रान्सच्या बर्तियाँ यांनी ओळख पटवण्यासाठी शरीराची मापं घ्यायची पद्धत बसवली होती. त्या पद्धतीने दोघांची मापंही जवळपास जुळली. ठसे मात्र वेगळे निघाले आणि बर्तियाँची पद्धत तिथल्या तिथे कोसळली. गोष्ट छान आहे. अडचण एवढीच, की त्या तुरुंगात ठसे घ्यायला सुरुवात झाली 1904 च्या अखेरीस. माणसं दोन होती, नावं सारखी होती. ठशांचा नाट्यमय प्रवेश मागाहून लिहिला गेला. परीक्षेत प्रश्न आला तर गोष्ट जशीच्या तशी लिहा, गुण मिळतील. पण जो व्यवसाय पुराव्यावर उभा आहे त्याची आवडती गोष्ट पुराव्यावाचून शंभर वर्षं चालते, हे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायला हरकत नाही.

प्रशिक्षणाचा स्वतःचा इतिहास मला जास्त आवडतो. 1904 साली सेंट लुइसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ब्रिटनने पाठवलेल्या मौल्यवान वस्तूंच्या पहाऱ्यावर स्कॉटलंड यार्डचे फेरियर नावाचे अधिकारी आले होते. पहारा देता देता त्यांनी अमेरिकन पोलिसांना ठसे शिकवले. कॅनडाच्या मांडवावर पहाऱ्याला असलेले एडवर्ड फॉस्टर तिथेच या विद्येच्या नादी लागले. ओटावाला केंद्र उघडण्यासाठी त्यांनी वरिष्ठांच्या मागे धोशा लावला आणि 1911 मध्ये ते उघडलं. म्हणजे उत्तर अमेरिकेत आपल्या विद्येचा प्रसार जत्रेत झाला. परिषदेतल्या स्टॉलवर रेंगाळाल तेव्हा हे आठवा. ती परंपराच आहे.

आणखी एक खटला सांगतात, तो लक्ष देऊन ऐका. जलपाईगुडीच्या चहाच्या मळ्यातल्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. 1898 साली निकाल लागला: चोरी सिद्ध, खून नाही. अंगठा पंचांगाला लागला हे न्यायालयाने मान्य केलं. त्या अंगठ्याच्या मालकाने खून केला हे काही अंगठा सांगत नाही. व्यवसायाचा पाळणा हलत होता तेव्हा हा निकाल आला. पुढे पुष्कळ तज्ज्ञ तो विसरले.

हात काळे करण्याचा तास

ठसा घेताना बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच लोळवायचं. बोट तुम्ही फिरवायचं, त्याने नाही. तो मदत करायला लागला की ठसा फरफटतो. सराईत चोराचे ठसे घेणं सोपं, त्याला सवय असते. गवंडी, वीटभट्टीवरचा मजूर, चुन्यात हात घालणारा, आयुष्यभर ऊस तोडलेली बाई यांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातलं यंत्र ज्यांचा अंगठा ओळखत नाही ती हीच माणसं. कष्ट केले की ओळख पुसट होते आणि घरं फोडली की ठळक राहते, ही तक्रार कोणत्या खात्याकडे करायची ते अजून ठरलेलं नाही.

जागेवरचे ठसे उठवायचे ते पृष्ठभाग बघून. काच, स्टील, रंगवलेलं लाकूड असेल तर भुकटी आणि मऊ कुंचला. भुकटी भुरभुरायची असते, फासायची नसते. कागदावर निनहायड्रिन, त्याने घामातल्या अमिनो आम्लांना जांभळा रंग येतो. हातमोजे विसरलात तर तुमची बोटंही जांभळी होतील आणि आठवडाभर लोक विचारतील, मतदान कुठलं होतं. प्लॅस्टिकच्या वस्तू बंद पेटीत ठेवून सायनोअॅक्रिलेटची वाफ देतात. घरोघरच्या फेविक्विकमध्ये असतं तेच रसायन. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांच्या लक्षात आलं की त्याच्या वाफेने अदृश्य ठसे पांढरे होऊन दिसतात. कोकणातल्या पावसाळ्यात निनहायड्रिनला लागणारा दमटपणा फुकट मिळतो आणि भुकटीचा मात्र चिखल होतो. वर्गात हे शिकवत नाहीत, कारण वर्गाला वातानुकूलन असतं.

घटनास्थळ

तुम्ही पोचण्याआधी कपाटाच्या मुठीला घरमालक, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, पहिले आलेले दोन हवालदार आणि स्थानिक नगरसेवक यांचा हात लागलेला असेल. नगरसेवकांचे ठसे सर्वांत स्पष्ट येतात. उरलेला पुरावा घरातल्या काकूंनी पुसून काढला असेल, कारण पोलीस घरी येणार म्हटल्यावर घर आवरायला नको? त्यांच्यावर रागावू नका. ‘काकू, आता एवढं एक तबक तरी राहू द्या’ असं नम्रपणे म्हणा आणि आत जा. फौजदार दर पाच मिनिटांनी विचारतील, ‘साहेब, मिळालं का काही?’ ‘बघतोय’ म्हणा. या व्यवसायात याहून सुरक्षित शब्द नाही.

परिषद: पूर्वतयारी

परिषदेची खरी तयारी म्हणजे कार्यमुक्तीचा आदेश. तो मिळतो परिषद सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा उद्घाटन चुकल्याचं दुःख करू नका. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांनी गुन्हेगार हायटेक झाल्याबद्दल व्यक्त केलेली चिंता हे सगळं पुढच्या वर्षीही तिथेच असेल. गळ्यातलं ओळखपत्र जपा. ओळख पटवण्याच्या तज्ज्ञांच्या परिषदेत ओळखपत्राशिवाय जेवणाच्या रांगेत सोडत नाहीत.

विक्रेत्यांच्या दालनात अवश्य जा. चमकणाऱ्या भुकट्या, निळ्या प्रकाशाचे दिवे, खारीच्या केसांचे कुंचले, आणि ‘आमच्या यंत्रात चुकीला वाव नाही’ सांगणारे तरुण टायवाले भेटतील. कुंचला हाताळून बघा. यंत्र विकणाऱ्याला एकच विचारा: ठसा कोणाचाच नसेल तर तुमचं यंत्र काय दाखवतं? ते तरीही सर्वांत जवळच्या ठशांची यादी देतं. विक्रेता पेन भेट देऊन विषय बदलेल. पेन घ्या.

ठराव कसे वाचावेत

परदेशी परिषदेला जायची संधी मिळाली तर अमेरिकेतल्या इंटरनॅशनल असोसिएशन फॉर आयडेंटिफिकेशनच्या वार्षिक मेळाव्याला जा. 1915 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये स्थापन झालेली ही संघटना या क्षेत्रातली सर्वांत जुनी. तिच्या कार्यशाळांपेक्षा जुने ठराव करमणुकीला जास्त चांगले.

रेषांचे फाटे, टोकं असे किती मुद्दे जुळले म्हणजे ठसा जुळला, हा जुना वाद. फ्रान्सचे लोकार म्हणाले 12. इंग्लंडमध्ये 16 चा आकडा पक्का झाला. त्यामागे बर्तियाँ यांनी 1912 मध्ये छापलेली छायाचित्रं होती, आणि ती हवी तशी कापून जुळवलेली होती, हे पुष्कळ वर्षांनी उघड झालं. तोवर सोळाचा पाढा म्हणत दोन पिढ्या निवृत्त झाल्या होत्या. 2001 मध्ये तो नियम सोडून दिला. तिकडे अमेरिकेतल्या संघटनेने 1973 मध्येच जाहीर केलं होतं की किमान आकडा ठरवायला काहीही आधार नाही. 1995 मध्ये इस्राएलमधल्या नेउरिमला जमलेल्या देशोदेशींच्या तज्ज्ञांनी थोडे शब्द बदलून पुन्हा तेच जाहीर केलं. परिषदांचं हे वैशिष्ट्य समजून घ्या: एक गोष्ट कळायला एक परिषद लागते, ती कळली आहे हे कळायला दुसरी.

खरा नमुना 1979 चा. त्या वर्षी संघटनेने ठराव केला की न्यायालयात ‘शक्य आहे’ किंवा ‘बहुधा तोच’ अशी साक्ष देणारा सभासद गैरवर्तनाचा दोषी. ठसा जुळला म्हणा, नाही जुळला म्हणा, किंवा गप्प बसा; मधली जागा बंद. हात वर करून, बहुमताने, शंका घेण्यावर बंदी आली. ती उठली 2010 मध्ये. मधली 31 वर्षं जे तज्ज्ञ शंभर टक्के खात्रीने बोलत होते त्यांच्या खात्रीमागे हा ठराव किती होता आणि भिंग किती, हे वेगळं काढता येत नाही.

चुकांवरचं सत्र

हे सत्र परिषदेच्या शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, छोट्या खोलीत असतं. त्याच वेळी प्रेक्षणीय स्थळांची बस सुटते. शंकेचं ओझं नको असेल तर बसमध्ये बसा. आत गेलात तर पुढील गोष्टी ऐकाव्या लागतील.

मार्च 2004 मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या निळ्या पिशवीवर एक ठसा मिळाला. एफबीआयच्या संगणकाने 20 जवळचे ठसे काढून दिले. यादीतला चौथा अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या एका वकिलाचा. तज्ज्ञ म्हणाले, हाच. पडताळणी करणारे म्हणाले, हाच. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही मान डोलावली. स्पेनचे पोलीस एप्रिलमध्येच म्हणत होते, हा नाही. त्यांची समजूत काढायला एफबीआयचा माणूस माद्रिदला गेला. वकील दोन आठवडे कोठडीत राहिला. मग स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. एफबीआयने माफी मागितली आणि सरकारने 20 लाख डॉलर भरले.

चौकशीत चुकीची पद्धत सापडली. ती नवशिक्यांसाठी इथे देत आहे, कारण ती शिकायला फार सोपी आहे. आधी संशयिताचा स्वच्छ ठसा नीट पाहून घ्या. तो डोळ्यांत बसला की जागेवरचा धूसर ठसा घ्या आणि त्यात तेच फाटे, त्याच तुटक्या रेषा दिसेपर्यंत बघत राहा. त्या दिसतात. न जुळणारं काही दिसलं तर म्हणा, दाब वेगळा पडला असेल, ठसा दुहेरी पडला असेल. मग कागद शेजारच्या टेबलावर सरकवून म्हणा, ‘साहेबांनी जुळवलाय, फक्त बघून घ्या.’ पडताळणी पूर्ण.

यावर साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या इटियल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. 5 अनुभवी तज्ज्ञ निवडले. प्रत्येकाला त्याने स्वतःच पूर्वी ‘जुळतो’ म्हणून निकाल दिलेली ठशांची जोडी पुन्हा दिली, पण सांगितलं की ही ती माद्रिदची फसलेली जोडी आहे, तरी तिकडे दुर्लक्ष करून बघा. तिघे म्हणाले, जुळत नाही. एक म्हणाला, सांगता येत नाही. एकच आपल्या जुन्या मतावर ठाम राहिला. ठसे बदलले नव्हते, माणसं बदलली नव्हती, फक्त कानावर काहीतरी घातलं होतं. आपल्याकडे फौजदार ठसे पाठवताना पत्रात ‘आरोपीने गुन्हा कबूल केला आहे’ असं आवर्जून लिहितात, तज्ज्ञाला मदत व्हावी म्हणून.

याचा अर्थ ठसे भाकड आहेत असा काढू नका. तसं म्हणणारे त्या सत्रातही एक-दोन असतात आणि प्रश्नोत्तरांत माईक सोडत नाहीत. 2011 मध्ये अमेरिकेत 169 तज्ज्ञांची मोठी चाचणी झाली. परक्या माणसाचा ठसा जुळवण्याची चूक 0.1 टक्का निघाली. जुळणारा असून ‘नाही’ म्हणण्याची चूक 7.5 टक्के. माणसाच्या हातून होणाऱ्या कामात हा निकाल उत्तम आहे. पण साक्षीच्या पिंजऱ्यात ‘आमच्या शास्त्रात चूक होतच नाही’ म्हणायला तो पुरत नाही, आणि तिथे नेमकं तेच म्हणायचा मोह होतो. आरोपीच्या वकिलाने ‘तुमची चूक होऊ शकते का?’ विचारलं की मान वर करून ‘हो’ म्हणा. वकिलाने पुढचे सगळे प्रश्न ‘नाही’ धरून तयार केलेले असतात. न्यायाधीश पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट बघतील.

परिषदेहून परतल्यावर पिशवी घरच्यांना भाजीला द्या, प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकाला लावा, प्रवासभत्त्याचं बिल मुदतीत टाका. आणि कार्यालयात एक बदल करून बघा. दुसऱ्या तज्ज्ञाकडे ठसे पडताळणीला देताना पहिल्याचं मत आणि फौजदाराचं पत्र दोन्ही पाकिटात बंद ठेवा. त्याने आपलं मत लिहून दिल्यावरच पाकीट फोडा. त्याला अनुदान लागत नाही, निविदा काढावी लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. खाकी पाकिटं प्रत्येक सरकारी कार्यालयात असतातच.